‘मस्ट’ तक्त्याचं परीक्षण: पाच पायऱ्या, आणि शेवटची बहुतेक ठिकाणी कोरीच

कुपोषण म्हटलं की आपल्याला मेळघाट आठवतो, दंडाला पट्टी लावून मोजली जाणारी मुलं आठवतात. शहरातल्या रुग्णालयात खुब्याचं हाड मोडून पडलेल्या, दिसायला अंगानं भरलेल्या सत्तरीतल्या बाई त्या चित्रात कुठे बसत नाहीत. बसत नाहीत म्हणून त्यांचं वजनही कुणी करत नाही. स्कॉटलंडमधल्या डंडी इथे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भरती झालेल्या ५०० रुग्णांचं वजन, उंची आणि दंड मोजले, तेव्हा २०० जण कुपोषित निघाले. त्यांतल्या निम्म्याहून कमी जणांच्या कागदांत पोषणाबद्दल काही लिहिलेलं होतं. डॉक्टर, सिस्टर, रक्ततपासण्या सगळं हजर होतं, फक्त मोजमाप नव्हतं.

ही उणीव भरून काढायला ब्रिटनमधल्या ‘बापेन’ या संस्थेनं २००३ मध्ये जो तक्ता काढला, तो ‘मस्ट’. पूर्ण नावाचा अर्थ, प्रौढांमधलं कुपोषण कुठेही चाळून काढायचं साधन. आपल्याकडे रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या ‘नॅभ’ या मंडळाची मान्यता घेणाऱ्या रुग्णालयांना भरतीच्या वेळी पोषणाची प्राथमिक तपासणी करावी लागते, त्यामुळे बऱ्याच ठिकाणच्या केस पेपरमध्ये मस्टची चौकट छापलेली असते. ती भरलेलीही असते. तरी तिचा रुग्णाला उपयोग का होत नाही, हे पाहण्यासाठी हे परीक्षण.

हाती काय येतं

तक्ता फुकट आहे. बापेनच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतो, तिथेच गणकयंत्रही आहे. संचात मुख्य ओघतक्ता, उंची-वजनावरून बीएमआय शोधायचा रंगीत तक्ता, वजनघटीचे तक्ते आणि उभं राहता न येणाऱ्यांसाठी पर्यायी मापं असतात. सोबत आपल्याला लागतो एक भरवशाचा वजनकाटा, उंची मोजायची पट्टी आणि न ताणली जाणारी टेप. शिंप्याची जुनी कापडी टेप नको. वापरून वापरून ती सैल पडते आणि दंड एखाद-दुसऱ्या सेंटीमीटरनं बारीक दाखवते.

काटा हाताशी असेल तर सराव झालेल्या सिस्टरला हे काम पाचेक मिनिटांचं. नसेल तर केस पेपरवर ‘अंदाजे ६० किलो’ उमटतं आणि पुढची सगळी बेरीज त्या अंदाजावर उभी राहते. भूल देणारे डॉक्टर औषधाचा डोस काढायला तोच आकडा वापरतात, ही आणखी वेगळी काळजी.

पहिली पायरी: बीएमआय

वजन किलोत, भागिले उंचीचा मीटरमधला वर्ग. २० च्या वर असेल तर ० गुण, १८.५ ते २० मध्ये १, १८.५ च्या खाली २.

झोपून असलेल्या रुग्णासाठी कोपर ते मनगट हे माप आहे. डावा हात छातीवर आडवा, बोटं उजव्या खांद्याकडे. कोपराच्या टोकापासून मनगटाच्या बाहेरच्या उंचवट्याच्या मध्यापर्यंत मोजायचं आणि तक्त्यातून उंची काढायची. अर्धा सेंटीमीटर चुकला की उंची दीड-दोन सेंटीमीटरनं हलते, म्हणून दोनदा मोजावं. हा तक्ता ब्रिटिश लोकांच्या मापांवर बेतलेला आहे, आशियाई बांध्याच्या माणसाची उंची तो थोडी फुगवतो. उंची फुगली की बीएमआय खाली जातो आणि धडधाकट माणूसही धोक्याच्या रांगेत येतो. नातेवाइकांकडे आधार कार्ड असतं, त्यावर उंची नसते. नोकरीच्या वैद्यकीय कागदावर कधी सापडते. विचारून पाहायला पैसे पडत नाहीत.

काहीच जमत नसेल तर डाव्या दंडाचा घेर. खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून मोजायचा. २३.५ सेंटीमीटरच्या खाली असेल तर बीएमआय बहुधा २० च्या खाली समजायचा. यातून थेट गुण मिळत नाहीत, नुसता कल कळतो. पण पायाला सूज असलेल्या रुग्णात हा कल काट्यापेक्षा प्रामाणिक असतो.

दुसरी पायरी: वजन किती उतरलं

गेल्या तीन ते सहा महिन्यांत, मुद्दाम न उतरवता. ५ टक्क्यांच्या आत ०, ५ ते १० टक्के १, त्यापुढे २. सगळ्या तक्त्याचा जीव या पायरीत आहे आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात.

भागाकार नेहमीच्या वजनानं करायचा, आताच्या नव्हे. ६२ किलोचा माणूस ५६ वर आला तर घट ६ किलो. ६ भागिले ६२ म्हणजे ९.७ टक्के, गुण १. घाईत ६ भागिले ५६ केलं की १०.७ टक्के येतात आणि गुण होतो २. एका भागाकारानं रुग्ण ‘लक्ष ठेवा’मधून ‘उपचार करा’मध्ये जातो. उलटही घडतं. ‘नेहमीचं वजन’ म्हणून मागच्या भरतीतलं, आधीच उतरलेलं वजन धरतात आणि घट शून्य निघते.

‘वजन किती होतं?’ या प्रश्नाला वॉर्डात ‘कधी केलंच नाही’ हेच उत्तर जास्त येतं. अशा वेळी खुणा वापरायला तक्त्यातच मुभा आहे: कपडे, दागिने सैल होणं. आपल्याकडे प्रश्न नेमके करावेत. बांगड्या कोपराकडे सरकतात का? ब्लाउज आत घ्यावे लागले का? पट्ट्याला नवं भोक पाडलं का? कवळी हलायला लागली का? बोटातली अंगठी दोऱ्यानं गुंडाळून घालता का? दिवाळीत, लग्नकार्यात काढलेला फोटो नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये असतोच. तो आणि समोरचा चेहरा शेजारी ठेवला की कानशिलाचे खळगे आणि गळपट्टीची हाडं आपोआप बोलतात.

‘मुद्दाम उतरवलं’ हे उत्तरही जरा खोदून घ्यावं. रोज चालून, आहार आखून उतरवलेलं वजन मोजायचं नाही. पण ‘चालायला लागलो आणि आपोआप बारा किलो गेले’ असं कुणी अभिमानानं सांगत असेल तर ते श्रेय चालण्याला देण्याआधी साखर, थायरॉइड, छातीचा फोटो बघितलेला बरा.

अंगानं भरलेला रुग्ण सुटतो तोही याच पायरीवर. उंची १.६० मीटर, सहा महिन्यांपूर्वी ७८ किलो, आज ६९. बीएमआय २७ च्या जवळ, पहिल्या पायरीवर ० गुण. पण घट ११.५ टक्के, म्हणजे दुसरीवर २. पोट सुटलेलं आहे म्हणून याला कुणी कुपोषित म्हणणार नाही. मस्ट म्हणतो, आणि त्यासाठी त्याला दाद द्यायला हवी. अशा माणसाचे स्नायू गेलेले असतात, चरबी शिल्लक असते. ऑपरेशननंतर खोकून कफ काढायला आणि खाटेवरून उठायला चरबी कामी येत नाही.

तिसरी पायरी: तीव्र आजार

रुग्ण तीव्र आजारी आहे आणि पाच दिवसांहून जास्त काळ पोटात काहीच गेलेलं नाही किंवा जाण्याची शक्यता नाही, तर २ गुण. दोन्ही अटी एकत्र लागतात. व्यवहारात निमोनियाच्या प्रत्येक रुग्णाला हे दोन गुण वाटले जातात, मग यादी इतकी लांबते की आहारतज्ज्ञ ती बघणंच सोडून देतात. आतड्याला पीळ पडलेला, स्वादुपिंडाला जोराची सूज आलेला, गिळता न येणारा पक्षाघाताचा रुग्ण, अशांसाठी ही पायरी आहे.

तक्त्यातलं सर्वांत मोठं भगदाडही इथेच आहे. जो रुग्ण आठवडाभर अर्धीच ताटली खातो, त्याला मस्ट शून्य देतो. ‘काहीच नाही’ आणि ‘सगळं’ यांच्या मधली जागा या तक्त्यात नाही, आणि वॉर्डातले बहुतेक रुग्ण नेमके त्या जागेत असतात.

चौथी आणि पाचवी

चौथी पायरी म्हणजे बेरीज. ० कमी धोका, १ मध्यम, २ किंवा जास्त असेल तर मोठा धोका. पाचवीत काय करायचं ते दिलेलं आहे. ० असेल तर रुग्णालयात दर आठवड्याला पुन्हा तपासणी. १ असेल तर तीन दिवस काय खाल्लं त्याची नोंद, आणि सुधारणा नसेल तर उपाय. २ किंवा जास्त असेल तर आहारतज्ज्ञांकडे पाठवणं, खाणं वाढवणं, आठवड्याला आढावा. मरणपंथाला लागलेल्या रुग्णावर हे लादू नये, असंही तक्ता सांगतो.

केस पेपरच्या छापील चौकटीत पहिल्या चार पायऱ्या असतात. पाचवीला जागाच ठेवलेली नसते, किंवा ‘डाएट रेफरन्स: हो / नाही’ एवढी एक ओळ. मान्यता तपासायला येणाऱ्यांना गुण दिसतात, त्यांचं समाधान होतं. तीन दिवसांची आहारनोंद तर दुर्मिळच. असलीच तर तिच्यात ‘सॉफ्ट डाएट दिलं’ असं असतं. दिलं, म्हणजे ताट खाटेपर्यंत पोहोचलं. खाल्लं किती, ते मावशींना ठाऊक असतं, कारण ताट त्या उचलतात. ताट उचलतानाच पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण असा गोल रंगवायचा कागद खाटेला लावला तर ही नोंद कुणाचा वेगळा वेळ घेत नाही.

आपल्या वॉर्डात कुठे अडतं

२० ची रेघ आपल्यासाठी उंच आहे. १.५२ मीटर उंचीची, ४५ किलोची, आयुष्यभर शेतात राबलेली बाई बीएमआय १९.५ वर येते. तिचं वजन दहा वर्षांत हललेलं नाही, तरी तिला १ गुण. सरकारी रुग्णालयात अशा रुग्णांनी मध्यम धोक्याची यादी भरून जाते. कुपोषणाचं निदान पक्कं करायचे ‘ग्लिम’ हे जागतिक निकष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आशियाई लोकांसाठी वेगळी रेघ आहे: सत्तरीच्या आतल्यांना १८.५, पुढच्यांना २०. यावर उपाय म्हणजे मस्टचे गुण बदलणं नव्हे, बदललेला तक्ता मग मस्ट राहत नाही. गुण जसेच्या तसे लिहावेत आणि खाली ‘वजन स्थिर, जन्मजात काटक’ अशी ओळ टाकावी. त्या रुग्णाची आठवड्याची तपासणी मात्र सोडू नये.

पाण्यानं वजन फुगलेला रुग्ण ही दुसरी अडचण. यकृत कडक झालेल्या माणसाच्या पोटात पाणी साठतं. मस्टच्या माहितीपुस्तिकेत त्यासाठी वजावटीचे आकडे आहेत: पोटातलं पाणी थोडं असेल तर २.२ किलो, मध्यम ६, तट्ट फुगलेलं असेल तर १४ किलो, पायांची सूज तीव्रतेप्रमाणे १, ५ किंवा १० किलो. हे अंदाजच, पण ६४ किलोच्या काट्यामागे ५० किलोचा माणूस आहे हे त्यामुळे लक्षात तरी येतं. तरीही यकृताच्या रुग्णांसाठी मस्ट कमजोर आहे. तिथे दंडाचा घेर आणि हाताच्या पकडीची ताकद बघावी. पकडीचं यंत्र असेल तर आशियाई निकषानं पुरुषांत २८ किलोच्या आणि स्त्रियांत १८ किलोच्या खाली ती कमी समजतात. यंत्र नसेल तर पोटरी मोजा. पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटीमीटरच्या खाली ती बारीक धरतात, अर्थात पायाला सूज नसताना.

तिसरी गोष्ट क्षयाची. क्षयाचा रुग्ण हळूहळू झिजतो, कधी कधी वर्षभर. मस्टची खिडकी तीन ते सहा महिन्यांची, त्यामुळे जुनी झीज हिशेबाबाहेर राहते. ग्लिम सहा महिन्यांच्या पलीकडची १० टक्क्यांहून जास्त घटही धरतो. क्षयात वजनाला किती मोल आहे ते झारखंडमधल्या ‘रेशन्स’ अभ्यासानं २०२३ मध्ये दाखवून दिलं: पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वजन वाढलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. क्षयरुग्णांना आहारासाठी मिळणारी सरकारी निक्षय पोषण योजनेची महिन्याची रक्कम ५०० रुपयांवरून १,००० वर गेली आहे. भरती असतानाच बँक खातं जोडलं गेलं की नाही, हे बघणं हेही उपचारातच मोडतं.

मुलांसाठी हा तक्ता नाहीच. तिथे उंचीनुसार वजन, दंडघेर आणि दोन्ही पावलांवरची सूज बघायची, आणि अतितीव्र कुपोषणाची वाट वेगळीच.

शेजारच्या दुकानातला माल

‘एनआरएस-२००२’ हा युरोपातला तक्ता मस्टची मोठी चूक सुधारतो: गेल्या आठवड्यात गरजेच्या किती टक्के खाल्लं ते तो विचारतो. ५० ते ७५ टक्के असेल तर १ गुण, २५ ते ५० असेल तर २, त्याहून कमी असेल तर ३. आजाराच्या तीव्रतेचे गुण वेगळे, सत्तरी गाठलेल्यांना १ जास्तीचा. बेरीज ३ झाली की उपचार. स्वित्झर्लंडमधल्या आठ रुग्णालयांत याच तक्त्यानं निवडलेल्या दोन हजारांहून जास्त रुग्णांवर ‘एफर्ट’ हा अभ्यास झाला. ज्यांच्या गरजेप्रमाणे आहार ठरवला आणि तो पोटात जातो की नाही ते बघितलं, त्यांच्यात तीस दिवसांतले मृत्यू १० टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. वापरलं काय, तर बहुतांशी रुग्णालयाचंच अन्न आणि जोडीला पूरक पेयं. एनआरएस जरा किचकट आहे आणि आजाराच्या तीव्रतेबद्दल डॉक्टरांशी बोलावं लागतं, म्हणून सिस्टर तो टाळतात.

‘एमएसटी’ मूळचा ऑस्ट्रेलियातला. यात दोनच प्रश्न: वजन उतरलंय का, किती, आणि भूक कमी झाल्यानं खाणं कमी झालंय का. वजनाचं ‘माहीत नाही’ या उत्तरालाच २ गुण, आणि २ गुण म्हणजे धोका. काटा लागत नाही. वीस खाटांच्या नर्सिंग होमला आमची शिफारस एमएसटीची. काटा आणि आहारतज्ज्ञ दोन्ही असलेल्या मोठ्या रुग्णालयानं एनआरएस घ्यावा. मस्ट या दोघांच्या मधे बसतो, आणि ज्यांच्या कागदावर तो आधीच छापलेला आहे त्यांनी तो फेकायची गरज नाही. त्याखाली ‘गेल्या आठवड्यात नेहमीच्या किती खाल्लं: पाव / अर्धं / पाऊण / पूर्ण’ ही एक ओळ वाढवली तरी पुरतं.

कोऱ्या पायरीत काय लिहायचं

अंदाजाचा हिशेब: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३० किलोकॅलरी आणि १.२ ग्रॅम प्रथिनं. ५० किलोच्या रुग्णाला १,५०० किलोकॅलरी आणि ६० ग्रॅम प्रथिनं. आता वॉर्डातला नेहमीचा दिवस मोजा. दोन कप चहा, चार मारी बिस्किटं, दोन वेळा अर्धी वाटी मऊ भात आणि पातळ वरण. पाचशे किलोकॅलरीच्या आसपास, प्रथिनं पंधरा ग्रॅमही नाहीत.

यावर नातेवाइकांचं ठरलेलं समाधान म्हणजे ‘सलाइन चालू आहे ना’. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे ८५ किलोकॅलरी. तीन बाटल्यांत २५५. साध्या मिठाच्या सलाइनमध्ये शून्य. शहाळ्याचं पाणीही पाणीच, १०० मिलीलीटरला वीसेक किलोकॅलरी. हे आकडे खाटेजवळ उभं राहून सांगितले की डब्यातून खरं जेवण यायला लागतं.

खाणं वाढवायचं म्हणजे ताट मोठं करायचं नाही, तेच ताट दाट करायचं. नाचणीच्या सत्त्वाचं उदाहरण घ्या. पाण्यात केलेल्या पातळ सत्त्वात फारसं काही नसतं. तेच २०० मिलीलीटर दुधात २० ग्रॅम नाचणी, १५ ग्रॅम साय काढलेली दूध पावडर, १० ग्रॅम गूळ आणि चमचाभर साजूक तूप घालून केलं की सव्वातीनशे किलोकॅलरी आणि तेरा ग्रॅम प्रथिनं होतात. पावडर आधी गार दुधात कालवावी, गरम दुधात टाकली की गुठळ्या होतात. गूळ गॅस बंद करून, जरा निवल्यावर घालावा, नाहीतर दूध फाटतं. मधुमेह असेल तर गूळ गाळावा, तूप आणि पावडर गाळू नयेत. मऊ भातावर तूप, वरणाऐवजी दाट मुगाची खिचडी, पोह्यांवर मूठभर दाण्याचं कूट, दोन अंडी, किंवा ५० ग्रॅम पनीर ज्यात नऊ-दहा ग्रॅम प्रथिनं असतात. असं दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं.

बाजारातल्या पावडरी वाईट नाहीत, त्या कालवल्या मात्र चुकीच्या जातात. बऱ्याच पावडरींत एका पेल्याला पन्नासएक ग्रॅम, म्हणजे डब्यातले पाच-सहा मापचमचे लागतात, तेव्हा दोनशे-सव्वादोनशे किलोकॅलरी होतात. डबा महाग म्हणून घरचे दोन चमचे टाकतात, म्हणजे पाऊणशे किलोकॅलरीचं गोड पाणी. वयस्क रुग्णांत पूरक पेयातून दिवसाला किमान ४०० किलोकॅलरी आणि ३० ग्रॅम प्रथिनं जावीत, तीही महिनाभर, असं युरोपीय मार्गदर्शक सूचना सांगतात. हे पेय दोन जेवणांच्या मध्ये द्यावं. जेवणाच्या जागी दिलं तर हिशेब तिथेच राहतो.

पथ्याचा अतिरेक ही आपली खास अडचण. डायलिसिस सुरू झाल्यावरही ‘किडनीवाल्याला डाळ नको’ चालूच राहतं, खरं तर डायलिसिसवर प्रथिनांची गरज वाढते. यकृताच्या आजारात गुंगी येते म्हणून प्रथिनं बंद करण्याची पद्धत जुनी झाली. तिथे उलट झोपताना ५० ग्रॅम पिष्टमय पदार्थांचा अल्पोपाहार द्यायचा, म्हणजे रात्रभराच्या उपासात स्नायू जळत नाहीत. ऑपरेशनआधी घन अन्न सहा तास आणि स्वच्छ पातळ पदार्थ दोन तास बंद एवढं पुरतं. ‘रात्री बारापासून काही नको’ आणि दुपारी तीनला ‘आज यादी लांबली, उद्या करू’ असं दोनदा झालं की दोन दिवसांचं जेवण गेलं. कुणी उपाशी ठेवायला सांगितलं आणि कधी सोडायचं, हे फलकावर लिहिलेलं असावं.

अल्ब्युमिनबद्दल एक खुलासा. अहवालात २.४ आलं की ‘प्रोटीन कमी आहे’ म्हणून डबे सुरू होतात. अल्ब्युमिन शरीरातल्या दाहानं खाली येतं, जंतुसंसर्ग ओसरला की चढतं. पोषणाचं मोजमाप म्हणून ते भरवशाचं नाही. उपाशी राहून हाडं दिसणाऱ्या माणसाचं ते व्यवस्थित असू शकतं आणि कालपर्यंत पोटभर जेवणाऱ्याचं ताप भरल्यावर कोसळतं.

जिथे घाई जिवावर बेतते

मस्ट २ आणि ६ या गुणांना एकाच खणात टाकतो. फार उपाशी राहिलेल्याला एकदम खायला घालण्यातला धोका तो वेगळा दाखवत नाही, हा त्याचा गंभीर दोष. अन्न मिळताच इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात. ‘नाइस’च्या ब्रिटिश सूचनांनुसार बीएमआय १६ च्या खाली, किंवा १५ टक्क्यांहून जास्त घट, किंवा दहा दिवसांहून जास्त जवळपास उपाशी, किंवा ही क्षारद्रव्यं आधीच कमी, यांतलं एक असलं तरी धोका मोठा. बीएमआय १८.५ च्या खाली, १० टक्क्यांहून जास्त घट, पाच दिवसांहून जास्त उपासमार, दारूचं व्यसन किंवा इन्सुलिन, मूत्रल, आम्लनाशक अशी औषधं, यांतली दोन असली तरीही तेच.

३८ किलोचा, बारा दिवस फक्त दारूवर असलेला रुग्ण घ्या. पहिल्या दिवशी त्याला किलोमागे १० म्हणजे ३८० किलोकॅलरी, आणि पुढच्या चार ते सात दिवसांत हळूहळू पूर्ण गरजेपर्यंत. नेहमीच्या पद्धतीनं नळीतून मिलीलीटरला एक किलोकॅलरी असलेलं अन्न २०० मिलीलीटर आठ वेळा सुरू केलं तर पहिल्याच दिवशी १,६०० होतात, चौपटीहून जास्त. थायमिन (जीवनसत्त्व बी-१) अन्नाच्या आणि डेक्स्ट्रोजच्या आधी, मग दहा दिवस रोज २०० ते ३०० मिलिग्रॅम. फॉस्फेट आणि मॅग्नेशियम रोज बघायचं, आणि ते वेगळं लिहून मागवायचं, कारण आपल्याकडे ‘इलेक्ट्रोलाइट्स’ म्हणून पाठवलेल्या नमुन्यात बहुधा सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड एवढंच तपासतात.

नळीबद्दल थोडक्यात. ती पोटातच आहे हे बाहेर काढलेल्या द्रवाचा सामू ५.५ किंवा कमी असण्यावरून किंवा एक्स-रेवरून ठरवावं. हवा मारून स्टेथोस्कोपनं ऐकणं फसवं आहे. डोकं ३० ते ४५ अंश वर, प्रत्येक वेळी नंतर ३० मिलीलीटर पाणी. घरून आणलेलं वरण-भाताचं वाटण गाळून घेतलं नाही तर नळी तुंबते, आणि तुंबू नये म्हणून पाणी वाढवलं की पोटात फक्त पाणी जातं.

गुण

चाळणी म्हणून मस्टला दहापैकी सहा: फुकट, सोपा, जाड रुग्णाची झीज पकडणारा. अर्धपोटी रुग्ण, सुजलेला रुग्ण आणि सावकाश झिजलेला रुग्ण यांच्या बाबतीत तीन. केस पेपरवर आज जसा वापरतात तसा, पाचव्या पायरीविना, एकही नाही.

घ्यायचा ठरवलात तर छपाईआधी चौकट अशी करून घ्या: चार पायऱ्या, खाली गेल्या आठवड्याच्या खाण्याची ओळ, खाली उपासमारीनंतर एकदम खायला घालण्याच्या धोक्याला हो-नाही, आणि मग पाच रिकाम्या ओळी, पुढच्या वजनाच्या तारखेसह. वजन सोमवारी सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर. पहिल्या दोन-तीन दिवसांत किलोभर वाढलं तर ते पाणी समजा. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या वर एक ओळ: भरतीचं वजन, आजचं वजन, महिन्यानं किती असायला हवं.